‘हयगयीने, अविचाराने…’ : फिर्यादीतल्या एका वाक्याचा इतिहास

आजची पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

मोटार अपघाताच्या नुकसानभरपाई दाव्यांची कागदपत्रं लावायच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, विम्याची प्रत, लायसन्सची प्रत, अशी फाइल लागते. गावं बदलतात, नावं बदलतात, गाड्यांचे नंबर बदलतात. एक वाक्य मात्र बदलत नाही. ‘सदर चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून…’ पुढे फक्त ठिकाण आणि मयताचं नाव.

घाटात ट्रक उलटला, हेच वाक्य. चौकात पायी चालणाऱ्या आजींना दुचाकीने उडवलं, हेच वाक्य. पहाटे चारला मोटार उभ्या कंटेनरखाली घुसली, तरी हेच वाक्य. तीन अगदी वेगळ्या घटना, पण कागदावर कारण एकच: चालकाचं दुर्लक्ष.

हे वाक्य आलं कुठून, त्याने आपल्याला काय दिलं आणि आपल्यापासून काय लपवलं, हे आज सांगायचं आहे. आधीच स्पष्ट करतो, चालकांची वकिली करायला मी बसलेलो नाही. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला किंवा फोनवर रील बघत स्टिअरिंग धरणाऱ्याला माझ्याकडून काडीची सहानुभूती नाही.

बैलगाडीच्या काळातला कायदा

‘हयगय’ आणि ‘अविचार’ हे दोन शब्द भारतीय दंड संहितेतल्या इंग्रजी शब्दांची मराठी रूपं आहेत. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने मृत्यू घडवण्याचं कलम होतं. १८६० मध्ये संहिता मंजूर झाली तेव्हा ते गळालं. १८७० मध्ये, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य असताना, ते ३०४-अ म्हणून परत आलं. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं.

सन लक्षात घ्या, १८७०. तेव्हा जगात पेट्रोलवर चालणारी मोटार विकत मिळत नव्हती. रस्त्यावर होत्या बैलगाड्या, टांगे, बग्ग्या. बग्गीवाल्याने लगाम सैल सोडला, घोडा उधळला, माणूस चिरडला, तर दोष कुणाचा? बग्गीवाल्याचा. त्या काळाला ते धरून होतं. ताशी आठ-दहा मैलांच्या दुनियेत दुर्लक्ष आणि मृत्यू यांच्यामध्ये फारसं काही नसे.

मग मोटार आली. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मेली. ब्रिटनमध्ये मोटारीने मेलेली ही पहिली पादचारी. चालक म्हणाला, मी ताशी चार मैलांनी चाललो होतो, घंटाही वाजवली. साक्षीदार म्हणाली, गाडी चांगल्या घोड्याच्या दौडीएवढ्या वेगात होती. निकाल लागला ‘अपघाती मृत्यू’. कॉरोनरने आशा व्यक्त केली की असं पुन्हा कधी घडू नये.

याच वर्षी ब्रिटनमध्ये जुनी बंधनं सैल झाली. १८६५ च्या कायद्याने यांत्रिक गाडीपुढे एक माणूस चालवावा लागे आणि गावात ताशी दोन मैल, गावाबाहेर चार मैल एवढीच मुभा होती. १८९६ अखेर ही मर्यादा चौदा मैलांवर गेली. वेग वाढला, जबाबदारीची कल्पना मात्र बग्गीवाल्याचीच राहिली. आपल्याकडे मोटार आल्यावर १९१४ चा आणि मग १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. माणूस मेला की कलम लागायचं तेच, १८७० चं.

वाक्य सगळ्यांनाच सोयीचं कसं झालं

आता एक गोष्ट सांगतो जी फाइली चाळल्याशिवाय सहज लक्षात येत नाही. हे वाक्य टिकलं, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं होतं.

१९३९ च्या कायद्याने त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा केला. ते प्रकरण प्रत्यक्षात १९४६ पासून लागू झालं. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. पण भरपाई मिळवायची तर समोरच्या चालकाची हयगय सिद्ध करावी लागे. म्हणजे कर्ता माणूस गेलेल्या घराच्या चुलीचा प्रश्न त्या एका वाक्यावर अवलंबून राहिला. फिर्यादीत ‘चालकाची चूक’ नसेल तर विधवेच्या हातात काय पडणार? १९८२ साली पहिल्यांदा ‘चूक कुणाचीही असो’ या तत्त्वावर थोडी रक्कम देण्याची तरतूद झाली. मृत्यूसाठी किती? १५ हजार रुपये. १९८८ च्या कायद्यात ती २५ हजार झाली, १९९४ मध्ये ५० हजार. आणि २०१९ च्या दुरुस्तीत पाच लाख. त्यापेक्षा जास्त हवं असेल तर बहुतेकदा पुन्हा तेच, हयगय सिद्ध करा.

पोलिसांनाही हे वाक्य सोयीचं. एक आरोपी, एक कलम, दोषारोपपत्र तयार. रस्ता बांधणाऱ्याला तर त्याहून सोयीचं, कारण त्याचं नाव कुठेच येत नाही. ज्याने चालकाला सलग सोळा तास जुंपलं त्या मालकालाही सोयीचं. विमा कंपनीला नेहमीच सोयीचं नसतं, पण तिचा वाद पैशांचा असतो, वळणाचा उतार चुकला होता का हा तिचा प्रश्न नसतो.

आणि चालकच मेला तर? स्वतःच्या हयगयीने मेला असं कागदावर आलं की त्याच्या घरच्यांचा हयगयीवर आधारलेला दावा टिकत नाही. पगारी ड्रायव्हर असेल तर कामगार भरपाईच्या कायद्याचा आधार असतो, पण तो कायदा माहीत असलेली घरं किती? मेलेला माणूस ‘मला झोप लागली कारण मला परवापासून झोपू दिलं नव्हतं’ हे सांगायला येत नाही.

एकच घाट, दोन हिशेब

आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या जागेवर येऊ. बोरघाट.

या घाटातून गाड्यांचा रस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे याच डोंगरातून वर चढली. रेल्वे बांधणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली, की कधीतरी ब्रेक फेल होणार. म्हणून उतारावर कॅच सायडिंग काढल्या. सुटलेली गाडी चढाच्या बाजूच्या रुळावर वळवायची आणि तिचा वेग डोंगरालाच खाऊ द्यायचा. आजही पुण्याहून मुंबईकडे उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडीला थांबते. प्रवाशांना वाटतं सिग्नल नाही. खरं तर तिथे गाडी आटोक्यात आहे ना, हे बघायचं असतं. रेल्वेचा मोटरमन हुशार असतो, प्रशिक्षित असतो, तरीही रेल्वे केवळ त्याच्या लक्षावर विसंबत नाही.

त्याच डोंगरातल्या सडकेने मात्र गृहीत धरलं की प्रत्येक ट्रकवाला, प्रत्येक टेम्पोवाला, सहलीला निघालेला प्रत्येक नवशिका दिवसाचे चोवीस तास सावध असेल. चुकला तर त्याची हयगय.

अपघातानंतरची चौकशीही बघा. रेल्वेचा मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. हेतू हा की रेल्वेने स्वतःची चौकशी स्वतः करू नये. विमान पडलं तर त्यासाठी वेगळा अन्वेषण विभाग आहे. आणि सडकेवर? ठाण्यातला एक फौजदार, एक टेप, दोन पंच. मागे वाहतूक तुंबलेली, त्यामुळे गाडी बाजूला काढायची घाई. त्या फौजदाराला दोष द्यायचा नाही. वळणाचा बाहेरचा उतार किंवा कठड्याची रचना तपासायचं शिक्षण त्याला कुणी दिलं?

द्रुतगती मार्ग : आपली प्रयोगशाळा

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी, काँक्रीटचा. आपल्याला अभिमान वाटला आणि तो रास्तही होता. पण पूर्ण होण्याआधीच, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, वाईहून परतताना भाताणच्या बोगद्याजवळ भक्ती बर्वे गेल्या. २३ डिसेंबर २०१२ ला उर्से टोलनाक्याजवळ आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, पेंडसेंचा लहानगा मुलगाही गेला. समोरच्या दिशेने जाणारा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता.

इथे जरा थांबा. टेम्पोचालकाचा ताबा सुटला, ही त्याची चूक. पण ताबा सुटलेला टेम्पो पलीकडच्या मार्गिकेत पोचलाच कसा? कारण मधे त्याला अडवणारं काही नव्हतं. दुभाजक होता तो मोकळ्या जागेचा आणि झाडांचा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की एक माणूस कोर्टात उभा राहतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुढचं कुटुंब वाचतं. त्या अपघातानंतर दुभाजकावर कठडे हवेत ही मागणी जोरात झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने तारदोरांचे कठडे बसले.

२०१६ मध्ये याच मार्गावर ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ सुरू झाला. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा अँड महिंद्रा असे एकत्र आले. त्यांनी अपघातांच्या जागा एकेक करून तपासल्या. उघडे खांब, कठड्यांची उघडी टोकं, बाजूला बेकायदा उभे राहणारे ट्रक, मार्गिका न पाळणं, रुग्णवाहिकेला लागणारा वेळ, सगळं बघितलं. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसं मेली होती. २०१७ मध्ये १०५. म्हणजे एका वर्षात ४६ माणसं कमी मेली. चालक तेच होते, आपणच. वर्षभरात मराठी माणसाचा स्वभाव सुधारला असं कुणी म्हणणार नाही. सुधारल्या त्या जागा आणि बंदोबस्त.

एप्रिल २०२०, लॉकडाऊनमध्ये सगळे घरात असताना, लोणावळ्याजवळचा १८३० चा अमृतांजन पूल पाडला. पुष्कळ जणांना हळहळ वाटली, मलाही वाटली. पण त्या पुलाचे खांब वेगवान वाहतुकीच्या ऐन वाटेत होते. एकोणिसाव्या शतकातला खांब आणि एकविसाव्या शतकातला वेग एका जागी ठेवला, तर क्षणभराचं दुर्लक्ष जीव घेणारच.

लक्ष म्हणजे नेमकं काय

आता ‘दुर्लक्ष’ या शब्दाकडे येऊ. आपण तो शिवीसारखा वापरतो, जणू माणूस ठरवून लक्ष देत नाही. काही जण खरंच ठरवून देत नाहीत. पण लक्षाला शरीराच्या मर्यादा असतात आणि त्या अभ्यासल्या गेल्या आहेत.

१९९७ मध्ये रेडेलमायर आणि टिबशिरानी या कॅनडातल्या संशोधकांनी टोरांटोतल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना धडकेची शक्यता सुमारे चौपट. आणि महत्त्वाची गोष्ट ही, की हात मोकळे ठेवणाऱ्या फोननेही धोका कमी झालेला दिसला नाही. म्हणजे गाडीचा ब्लूटूथ आहे, कानात बड्स आहेत, म्हणून आपण सुरक्षित ही समजूत खोटी. अडकलेलं असतं ते डोकं. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांतही हेच निघालं, की फोनवर गुंतलेला चालक समोर बघत असतो, पण समोरचं त्याच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेत शंभर मोटारींत कॅमेरे लावून केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. त्यात जवळजवळ ८० टक्के धडकांत, धडकेच्या आधीच्या तीन सेकंदांत चालकाचं लक्ष कुठल्या ना कुठल्या कारणाने दुसरीकडे होतं.

तीन सेकंद म्हणजे किती, तर साधं गणित करा. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. तीन सेकंदांत ८४ मीटर. समृद्धीवर १२० ने जात असाल तर तीन सेकंदांत १०० मीटर. व्हॉट्सअपवर आलेला ‘पोचलास का रे?’ वाचायला एवढाच वेळ लागतो. म्हणून विनंती करतो, गाडी चालवणाऱ्या माणसाला ‘कुठवर आलात’ विचारायला फोन करू नका. तो उचलेल, आपलं माणूस म्हणूनच उचलेल.

झोपेचं तर विचारूच नका. नाका-तोंडावर पाणी मारून, तंबाखूचा बार भरून, चहा पिऊन झोप हटते असा आपल्याकडे समज आहे. पापणी लागते ती चालकाच्या परवानगीने लागत नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा सांगायचा, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ही मर्यादा साठ वर्षांहून जुनी झाली. देवदर्शनाला, लग्नाला भाड्याची गाडी करणाऱ्या आपल्यापैकी कितीजण ड्रायव्हरच्या आदल्या रात्रीच्या झोपेची चौकशी करतात? आपण दर्शन घेतो, जेवतो, खोलीत झोपतो. ड्रायव्हर मात्र सीट मागे करून डासांत पडतो आणि पहाटे आपण म्हणतो, चला, लवकर निघू, ट्रॅफिक लागणार नाही.

१ जुलै २०२३. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटली, पेटली. २५ माणसं गेली. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन खात्याच्या पाहणीत त्याचा पुरावा मिळाला नाही आणि डुलकीचा संशय व्यक्त झाला. आता समजा डुलकीच होती. पण डुलकीने बस रस्त्यावरून ढळते, डुलकीने पंचवीस माणसं जळत नाहीत. बस दाराच्या बाजूला पडली, दार खाली दाबलं गेलं, बाहेर पडायची वाट बंद. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले.

विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ‘चालकाला सुधारा’ या विचाराला हेच विचारलं होतं. १९६६ मध्ये तो तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा यंत्रणेचा पहिला प्रमुख झाला. त्याचं म्हणणं, अपघाताचे तीन भाग करा: आधी, घडताना आणि नंतर. प्रत्येक भागात माणूस, वाहन आणि रस्ता तपासा. म्हणजे एका कारणाऐवजी नऊ चौकटी भरा. त्या बसला हे लावून बघा. आधी: चालक किती तास जागा होता? घडताना: बस ज्याला धडकली तिथे काय होतं? नंतर: आपत्कालीन दार कुठे होतं, उघडत होतं का? आपल्या फिर्यादीत नऊपैकी एकच चौकट असते.

मागच्या सीटवरचे मोठे लोक

३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झालेला. ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. तेही मागच्या सीटवर, पट्टा नव्हता. त्या अपघातात चालकाकडून तीन पदरांतून दोनात येताना चूक झाल्याचं पोलिसांनी म्हटलं. पण तीन पदरी रस्ता पुलाशी येऊन एकदम दोन पदरी होतो आणि समोर कठड्याची भिंत उभी असते, हेही तितकंच खरं. त्याआधी तीन आठवडे, १४ ऑगस्टला, बीडहून रात्रीचा प्रवास करून मुंबईला बैठकीला येताना विनायक मेटे द्रुतगती मार्गावर माडपच्या बोगद्याजवळ गेले.

तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिनने १९५९ मध्ये बनवला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. पट्टा चालकाचं लक्ष वाढवत नाही. लक्ष गेल्यावरही माणूस जिवंत राहावा, एवढंच त्याचं काम. २०२२ मध्ये देशात पट्टा न लावल्याने १६,७१५ माणसं मेली, त्यांतली ८,३३१ चालक नव्हे, प्रवासी होती. हेल्मेट नसल्याने ५०,०२९. आणि आमच्या पुण्यात १ जानेवारी २०१९ ला हेल्मेटची अंमलबजावणी सुरू झाली तर मोर्चे निघाले. मान दुखते, केस जातात, गावात कशाला. त्या वादात आपण ‘सक्ती’ या शब्दावर जेवढे बोललो, तेवढे डोक्याच्या कवटीवर बोललो नाही.

जिथे चालक काहीच करू शकत नव्हता

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई या दोन एसट्या अंधारात नदीत गेल्या. रस्ता संपला आहे हे त्या चालकांनी किती लक्ष दिलं असतं तर कळलं असतं? एसटीत पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकाचा सत्कार होतो, बिल्ला मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण बिल्ला कितीही चमकला तरी त्याने पूल उभा राहत नाही.

उलट बाजूचं उदाहरण नवले पुलाचं. नवीन कात्रज बोगद्यापासून उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका अवजड वाहनाने ४८ गाड्यांना धडक दिली. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिन बंद करायचं, ही सवय सगळ्यांना माहीत आहे. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. ही शंभर टक्के चालकाची चूक. पण तीच चूक त्याच उतारावर वेगवेगळे चालक पुन्हा पुन्हा करतात तेव्हा ती एका माणसाची राहत नाही, त्या जागेची होते. बोरघाटातल्या रेल्वेला हे १८६३ मध्ये कळलं होतं.

आता कायद्यात काय आहे

२०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू. रोज ४६२. महाराष्ट्रात १५,२२४, म्हणजे रोज एकेचाळीस-बेचाळीस. मेलेल्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे. ब्रिजेट ड्रिस्कॉलच्या बहिणी अजून मरतातच आहेत. सरकारी तक्त्यात ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण आहे ‘अतिवेग’. हा तक्ता कशावरून बनतो? फिर्यादींवरून. फिर्यादीत काय असतं? तेच वाक्य.

शिक्षा वाढवण्याकडे आपला कल असतो. नव्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा झाली. धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांचं कलम आलं, त्यावर जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप झाला आणि ते कलम थांबवलं गेलं. शिक्षा हवीच. पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ ला दोन तरुण अभियंते गेले आणि अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा राज्यभर संताप झाला, तो योग्यच होता. पण डुलकी लागलेल्या माणसाला दोन वर्षं आणि पाच वर्षं यांतला फरक झोपेत कळत नाही.

फार कमी लोकांना माहीत असलेली एक तरतूद सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे, मान्य. पण कायद्याने म्हटलं की आरोपीच्या रकान्यात चालकाशिवाय आणखी कुणी असू शकतं. माझ्या हातून गेलेल्या फाइलींत हे कलम लावलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

दुसरी तरतूद ‘ब्लॅक स्पॉट’ची. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसं मेली, तर ती जागा ब्लॅक स्पॉट. तिची दुरुस्ती करणं हे काम ठरतं, मेहेरबानी नाही. आणि तिसरी, जखमीला मदत करणाऱ्याची. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्ये मदतनिसांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, २०१९ मध्ये ते कायद्यातच आले. जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून तुम्हाला कुणी अडकवू शकत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. १०८ ला फोन करा आणि थांबा.

तर आपण काय करायचं

आपल्या भागात अपघात झाला की गट्टीवर, पारावर पहिलं वाक्य येतं, ‘कसा चालवत होता बघा, लक्षच नव्हतं.’ यापुढे त्याच्या जोडीला तीन प्रश्न विचारा. त्याचं लक्ष का नव्हतं? लक्ष गेल्यावर गाडी कशाला जाऊन धडकली? धडकल्यावर मदत किती वेळात आली?

ग्रामसभेत, प्रभागाच्या बैठकीत, बांधकाम खात्याच्या कचेरीत अर्ज द्या. गेल्या तीन वर्षांत या वळणावर किती गुन्हे नोंदले गेले हे पोलीस ठाण्यातून माहिती अधिकारात मागा. आकडा पाच झाला की तो कागद घेऊन जा आणि ब्लॅक स्पॉट म्हणून नोंद मागा. घरात कुणाचा अपघाताचा दावा चालू असेल तर वकिलांना १९८-अ बद्दल विचारा. जागेचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा: खड्डा, तुटलेला कठडा, बंद दिवा, नसलेला फलक. आठ दिवसांनी तिथे डांबर पडतं आणि पुरावा बुजतो.

आणि स्वतःपुरतं: मागच्या सीटवरही पट्टा, ड्रायव्हरला झोपायला खोली, गाडीत फोन बंद.

फिर्यादीतलं ते वाक्य उद्या बदलणार नाही. पण त्याच्याखाली आणखी दोन ओळी लिहायला भाग पाडणं आपल्या हातात आहे. आपल्या गावाजवळची अशी एखादी जागा तुम्हाला माहीत असेल, तर खाली कमेंटमध्ये नेमकं ठिकाण लिहा: रस्ता, किलोमीटरचा दगड, काय कमी आहे. यादी झाली की एकत्र अर्ज करू.